मराठ्यांच्या इतिहासासाठी पोर्तुगीज

नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला आणि गोव्याची पोर्तुगीज राजधानी हादरली. अशा संकटात व्हाइसरॉय आपल्या राज्य मंडळाचा सल्ला घेत असे. त्या बैठकांच्या नोंदी पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. मात्र त्या वाचण्यासाठी सतराव्या शतकातली पोर्तुगीज यावी लागते.

परकीय भाषा म्हटली की संभाषणाचा वर्ग आणि प्रमाणपत्र एवढेच डोळ्यांपुढे येते. पदव्युत्तर अभ्यासाचा पल्ला त्याहून बराच मोठा आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विषय घेऊन एम.ए. करता येते. साहित्य, भाषाशास्त्र, अनुवाद आणि पोर्तुगीजभाषक देशांची संस्कृती हे अशा शिक्षणाचे मुख्य भाग. त्याला दप्तरवाचनाची जोड मिळाली, तर संशोधक तयार होतो.

लिस्बनहून राजाची पत्रे मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून गोव्यात येत आणि परतीच्या जहाजांतून उत्तरे जात. त्या पत्रव्यवहाराच्या बाडांना मोसमाचेच नाव पडले. यातले पान उघडले की आजच्या पुस्तकातली पोर्तुगीज अपुरी पडते. लेखनिकांनी शब्द तोडून लिहिलेले असतात. ‘के’सारखा पदोपदी येणारा शब्द एका अक्षरावर नागमोडी रेघ ओढून उरकलेला असतो. शाईने कागद खाल्लेला, पाठपोट मजकूर एकमेकांत मिसळलेला. मोडीसारखीच इथेही रोज हात आणि डोळा बसवावा लागतो.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावच्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी (1894–1969) हे व्रत आयुष्यभर सांभाळले. राज्य मंडळाच्या नोंदी त्यांनी 1953 ते 1957 या काळात पाच खंडांत छापल्या. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आज आपण गोव्याच्या दप्तरांचे दाखले देतो, ते बहुधा त्यांच्याच वाचनाच्या आधारावर.

नुसते शब्दार्थ कळून मात्र भागत नाही. कोस्मे द ग्वार्दा यांनी 1695 मध्ये लिहिलेले शिवाजी महाराजांचे पोर्तुगीज चरित्र 1730 मध्ये लिस्बनला छापले गेले. त्यात ऐकीव गोष्टीही आहेत. लेखक कोणासाठी लिहीत होता, त्या काळच्या चरित्रलेखनाचे संकेत काय होते, हे जाणल्याशिवाय त्यातले खरे-खोटे निवडता येणार नाही. साहित्य आणि संस्कृतीचा अभ्यास इथे कामी येतो.

गोमंतकीयांनी स्वतः पोर्तुगीजमध्ये लिहिलेले साहित्य हे आणखी एक दालन. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांच्या 1866 मधल्या ‘ओस ब्राह्मानेस’ या कादंबरीने जातिभेदावर आणि इंग्रजी सत्तेवर बोट ठेवले. ओर्लांदो द कोश्ता यांच्या 1961 मधल्या ‘ओ सिग्नो द इरा’मध्ये गोव्यातले कष्टकरी कुणबी आहेत. हे लेखन मराठी वाचकाच्या शेजारघरचे आहे, तरी त्याला अनोळखी राहिले.

भाषेचा व्यवहारी उपयोगही आहे. गोव्यातल्या विवाह आणि संपत्तीच्या कायद्याचे मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे, कोमुनिदादीची म्हणजे गावकरी संस्थांची कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये आहेत. जमिनीचा वाद उभा राहिला की जाणकार अनुवादक शोधावा लागतो. बाहेर ब्राझील, अंगोला, मोझांबिकसह नऊ देशांत ही भाषा अधिकृत आहे. मोझांबिकचा कारभार तर 1752 पर्यंत गोव्यातूनच चालत असे.

गोव्यातली पोर्तुगीज सत्ता 1961 मध्ये संपली; त्यापूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेली पिढी आता थकली आहे. यापुढे ही भाषा घरातून येणार नाही, ती विद्यापीठातूनच यावी लागेल. म्हणून पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या इतिहास विभागांनी मोडी आणि फारसीच्या बरोबरीने पोर्तुगीजची सोय करावी, निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन गोव्यात पाठवावे. दरवर्षी दोन-चार जण जरी तयार झाले, तरी मराठ्यांच्या इतिहासाला मूळ कागद वाचणारे नवे अभ्यासक मिळतील.