बारावीपर्यंत हुशार, मग आता काय झालं?
बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सबमिशन चुकवू लागली, की घरच्यांचा पहिला संशय मोबाइलवर जातो. तो अगदीच निराधार नाही, लक्ष तर सगळ्यांचंच उडतं. म्हणूनच एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराचं, निदान नुसत्या आजच्या तक्रारीवर करत नाहीत. डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदानपुस्तिकेच्या निकषांनुसार लक्षणं वयाच्या १२व्या वर्षाआधीपासून असावी लागतात, तीही घर, कॉलेज अशा किमान दोन ठिकाणी. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ जुनी प्रगतिपुस्तकं मागतात, आईवडिलांशी बोलतात; झोप, नैराश्य, चिंता यांचीही चौकशी करतात. आईची देखरेख आणि क्लासचं वेळापत्रक यांनी सावरून धरलेली अडचण हॉस्टेलवर उघडी पडते, तिथे ती जन्माला येत नाही.

एडीएचडीच्या गोळ्यांची सवय लागेल, ही भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. मिथाइलफेनिडेट हे त्यांतलं उत्तेजक औषध आहे आणि त्याचा गैरवापर होतो. म्हणूनच आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये आहे: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक केमिस्ट दोन वर्षं जपून ठेवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून मागून घेतलेली गोळी आणि रक्तदाब, नाडी, भूक पाहत डॉक्टरांनी ठरवलेला डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अ‍ॅटॉमॉक्सेटिन हे याच विकारावरचं दुसरं औषध उत्तेजक नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. शिवाय २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार मिथाइलफेनिडेट फोनवरून लिहून देता येत नाही. नियम योग्यच आहे. पण तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला त्यासाठी शहर गाठावं लागतं, तेव्हा त्या दिवसाची हजेरी कॉलेजने मान्य करायला हवी.