जुन्या औषधी बाटलीस कांचेचें बूच कसें बसवावें

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक विद्यार्थी एक जुनी बाटली रुमालांत गुंडाळून घेऊन आला. त्याचे पणजोबा कंपाउंडर होते; त्यांच्या पेटींतील ही एकच बाटली घरांत उरली होती, आणि तिचें कांचेचें बूच फुटलें होतें. "सर, आजी म्हणते, बूच बसवून द्या, पण बाटलीला कांहीं होऊं देऊं नका." या निरोपाचा उत्तरार्ध किती कठीण आहे, हें मला पुढें कळलें.

अशा एका बाटलीचें बूच दुसरीस सहसा बसत नाहीं. महाराष्ट्रांत कांचेची विद्या नवी नाहीं. तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा व कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस १९१६ सालीं ओगले बंधूंचा कारखाना निघाला. परंतु हातानें घडविलेल्या कांचेचा स्वभाव सर्व देशांत एकच. गळा केसभर तरी कमीजास्त होतोच. म्हणून प्रत्येक बूच त्याच्याच गळ्यांत घासून जुळवीत, आणि जोडी चुकूं नये म्हणून पुष्कळदां दोहोंवर एकच आंकडा कोरीत.

जोडी चुकल्यास काय होतें, हें मीं स्वतःच्या हलगर्जीपणानें पाहिलें आहे. एकदां बाटल्या धुतांना माझ्या हातून अमोनियाच्या व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बुचांची अदलाबदल झाली. दिवाळीच्या सुटीनंतर कपाट उघडतों तों सर्व बाटल्यांवर पांढरी भुकटी! दोन्ही वाफा सैल बुचांतून निसटून त्यांचा नवसागर झाला होता, आणि चिठ्ठ्यांवरील अक्षरें वाचवेनात.

बूच शोधण्यास भंगारवाले, जुने औषधविक्रेते आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरांतील अत्तरवाले हे बरे. मुंबईस प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचीं नवीं बुचें मिळतात; त्यांवर १९/२६ असे आंकडे असतात. पहिला आंकडा रुंद टोंकाचा व्यास, दुसरा घासलेल्या भागाची लांबी; दोन्ही मिलिमीटरमध्यें. दर १० मिलिमीटर लांबीस व्यास १ मिलिमीटर कमी होतो. जुन्या गळ्याचा उतार निराळा असूं शकतो, म्हणून नुसत्या आंकड्यावर विसंबूं नये. बूच किंचित् मोठेंच घ्यावें. लहान बूच घासून मोठें होत नाहीं.

आतां घासण्याविषयीं. बूच आणि गळा एकमेकांत घासले म्हणजे दोन्ही झिजतात. बूच दुसरें मिळेल, गळा मिळणार नाहीं. म्हणून बहुतेक झीज बुचाचीच झाली पाहिजे. मीं प्रयोगशाळेंतील एका फुटक्या बाटलीचा तेवढाच गळा घेतला, त्याच्या धारेभोंवतीं जाड फडकें बांधलें, आणि त्यांत कार्बोरंडमची २२० नंबरची भुकटी व पाणी घालून बूच घासलें. आंकडा जितका मोठा, तितकी भुकटी बारीक. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि दर थोड्या वेळानें बूच उचलून जागा बदलावयाची. नाहींतर तें अडकून बसतें किंवा चरे पडतात. कोरडें मुळींच घासूं नये. कांचेची धूळ फुप्फुसांस घातक असते. आजींच्या बाटलींत तें जवळजवळ बसूं लागल्यावर सर्व धुऊन काढलें, आणि शेवटचे थोडे फेरे ६०० नंबरच्या भुकटीनें तिच्याच गळ्यांत दिले.

परीक्षा सोपी आहे. बुचाच्या घासलेल्या अंगावर पेन्सिलीनें उभ्या रेघा ओढाव्या व तें गळ्यांत फिरवावें. जेथें रेघा पुसल्या, तेथें कांच टेकली. माझ्या रेघा प्रथम एकाच बाजूस पुसल्या. तिसऱ्या दिवशीं चोहोंकडे पुसल्या. मग शाईचें पाणी भरून बाटली रात्रभर टिपकागदावर उलटी ठेवली. सकाळीं कागद कोरा होता.

घरांत अशी बाटली सांपडल्यास व तींत कांहीं वाळलेलें दिसल्यास बूच फिरवूं नये, हुंगूंही नये. वाळलेलें पिक्रिक आम्ल नुसत्या घर्षणानें उडतें. अशी बाटली न हलवितां जाणत्या माणसास बोलवावें. कॉस्टिक सोडा कांच खातो व बूच चिकटवून टाकतो; त्यास रबराचें बूच द्यावें. रिकाम्या बाटलीचें बूच अडकल्यास गळ्याभोंवतीं ऊन पाण्याचें फडकें धरावें. गळा आधीं फुगतो व बूच सुटतें.

आजींनीं त्या बाटलींत कापराच्या आठ वड्या मोजून ठेवल्या. महिन्याभरानें मुलगा सांगत आला, "सर, आठही तशाच आहेत."