लिनक्सचं घोडं कुठे पेंड खातं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचा आधार देणं थांबवलं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आजही धडधाकट असलेला संगणक अधिकृतपणे बाद झाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था एकदा घेतलेलं यंत्र सहजासहजी मोडीत काढत नाहीत. त्यांच्यासमोर लिनक्स हा सरळ पर्याय आहे. तो फुकट मिळतो, जुन्या यंत्रावर चालतो आणि त्याला सुरक्षेचे अद्ययावत बदलही मिळत राहतात. तरी तो कुणी सुचवत नाही. ‘सामान्य माणसासाठी तो अजून तयार नाही’, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. लिनक्स तयार आहे. अडचण आली तर ‘ही माझी जबाबदारी’ म्हणणारं त्याच्या मागे कुणी नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

याचा पुरावा आपल्या न्यायालयांतच आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती निवडली गेली. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवरच उभारली. रत्नागिरीच्या न्यायालयातल्या दाव्याची पुढची तारीख पक्षकार आज मोबाइलवर पाहतो, ती याच प्रणालीतून येते. हे सगळं वापरणारे कारकून, लघुलेखक आणि न्यायाधीश काही संगणकाचे शौकीन नव्हेत. पण कुठली आवृत्ती वापरायची हे वरून ठरलं होतं, रोजचं काम ज्यात करायचं तो प्रोग्राम तिच्यासाठीच लिहिला गेला होता आणि उबुंटू व सीआयएस यांचं प्रशिक्षण एकत्रच दिलं गेलं. केरळने शाळांमध्ये हेच केलं. आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पात शिक्षक, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं. तिथल्या मुलांना लिनक्स अवघड वाटत नाही, कारण त्यांना शिकवलंच ते जातं.

आता हाच संगणक सरकारी कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवून पाहा. टेबलावर बहुधा कॅननचा एलबीपी २९०० असतो, आपल्याकडे वर्षानुवर्षं खपलेला छोटा लेझर प्रिंटर. विंडोजवर ड्रायव्हर टाकला की तो चालू होतो. लिनक्सवर कंपनीचा वेगळा ड्रायव्हर शोधायचा, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून प्रिंटरची नोंद करायची आणि मागे चालणारी एक सेवा सुरू ठेवायची. संगणक बंद करून लावल्यावर ती सेवा उठली नाही, तर छपाई रांगेत तशीच पडून राहते. समोर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन माणूस उभा असताना दुकानदार हा खेळ का करील? बाजारात असेही पुष्कळ प्रिंटर आहेत, जे लिनक्सला जोडताक्षणी चालतात. पण खरेदीच्या वेळी तसं सांगणारं कुणी नसतं.

मराठीचीही अडचण अशीच. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये सहज मिळतात. रेड हॅटने खुला केलेला लोहित फाँट कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. अडतं ते जुन्या कागदपत्रांपाशी. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेली फाइल उघडली, की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो फाँट नसेल तर विंडोजवरही तेच दिसतं, पण बोल लागतो लिनक्सला. छापखान्यांचं आणि टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांचं काम मात्र खरोखरच विंडोजला बांधलेलं आहे. त्यांना आज लिनक्सवर या म्हणणं अन्यायाचं होईल.

यावर कुणी म्हणेल, जबाबदारी घेऊनही फसलेली उदाहरणं आहेतच की. सी-डॅकने २००७ साली बॉस हे भारतीय लिनक्स आणलं, घरोघरी ते पोहोचलं नाही. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचं ठरवलं, सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये माघारीचा निर्णय घेतला. या दोन्हींतून उलट माझाच मुद्दा पुढे जातो. बॉस उतरवून घेता येत होतं, पण दुकानात नव्या यंत्रावर ते मिळत नव्हतं आणि गल्लीतला दुरुस्तीवालाही ते शिकलेला नव्हता. म्युनिकमध्ये बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजांशी जुळवून घेण्याचा त्रास होताच, शिवाय सत्ता बदलली तसं पाठबळही ओसरलं. दुसरा आक्षेप किमतीचा. विंडोजची चोरटी प्रत आपल्याकडे जणू फुकटच मिळते, मग लिनक्सच्या फुकटपणाचं काय कौतुक? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ‘फुकट आहे’ एवढ्यावर केलेला प्रचार इथे वाया जातो. अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. पण फोन घेताना ते कुणी निवडत नाही, दुकानातून येतानाच ते आत असतं.

आणखी एक देखणी, नवी आवृत्ती काढून यात फरक पडणार नाही. उत्साही मंडळी रंगरूपावर नि खिडक्यांच्या रचनेवर वाद घालतात, ती शक्ती एकाच दीर्घकाळ टिकणाऱ्या आवृत्तीमागे लागायला हवी. एमकेसीएल ही २००१ साली स्थापन झालेली संस्था महाराष्ट्रभर एमएस-सीआयटी शिकवते आणि त्यात विद्यार्थ्याचा हात विंडोज व एमएस ऑफिसवर बसतो. त्याच अभ्यासक्रमात लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे काही तास आले, तर पुढच्या कारकुनाला आणि दुरुस्तीवाल्याला ते परकं वाटणार नाही. जिल्हा परिषदेने शाळांसाठी प्रिंटर आणि संगणक घेताना निविदेत एक अट घालावी: वस्तू लिनक्सवर चालवून दाखवायची आणि हमीच्या काळात तिथेच येऊन दुरुस्त करायची. या अटीला खर्च फारसा नाही. ती पाळायची तर पुरवठादाराला लिनक्स येणारा निदान एक तंत्रज्ञ रत्नागिरीत ठेवावा लागेल, आणि झेरॉक्सवालाही मग त्यालाच फोन करू शकेल.