तेजोवध आणि सारथ्य : भूमिकाखेळातील नियंत्रक पात्राची घडण

‘तेजोवध’ हा शब्द आज मराठीत मुख्यतः वृत्तपत्रांच्या आणि निवडणुकीच्या भाषेत उरला आहे. एखाद्याची जाहीर अप्रतिष्ठा करणे, एवढाच अर्थ आपण त्यातून घेतो. महाभारताच्या उद्योगपर्वात मात्र हा शब्द एका युद्धनीतीची संज्ञा म्हणून येतो. दुर्योधनाच्या आदरातिथ्याला फसून कौरवपक्षाला वचन देऊन बसलेला मद्रराज शल्य युधिष्ठिराला भेटावयास येतो, तेव्हा युधिष्ठिर त्याच्याकडे कर्णाचा वध मागत नाही. कर्णाच्या तेजाचा वध मागतो. वध अर्जुन करील. त्यापूर्वी कर्णाला कर्णापेक्षा थोडा उणा करून ठेवण्याचे काम तेवढे शल्याने करावयाचे आहे.

प्रतिपक्षाला न मारता त्याचे सामर्थ्य घटविणे हेच ज्याचे कार्य, असे पात्र कसे रचावे, हा प्रश्न अलीकडे एका वेगळ्याच क्षेत्रात पद्धतशीरपणे हाताळला गेला आहे. टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक भूमिका घेऊन, फासे टाकीत सामूहिकरीत्या कथा घडविण्याच्या खेळाचे हे क्षेत्र होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील आद्य खेळ. येथे एक सूत्रधार प्रसंग मांडतो, खेळाडू आपापल्या पात्रांच्या वतीने बोलतात व कृती करतात, आणि कृती फळास आली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवितो. या खेळाच्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत पात्रांची कार्ये चार वर्गांत विभागलेली होती : आघात झेलणारा, प्रहार करणारा, साथीदारांना बळ देणारा आणि नियंत्रक. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही औपचारिक विभागणी सोडून दिली. पण नियंत्रकाचे कार्य नियमांतून शिल्लक राहिले. शत्रूची वाट अडविणे, त्याचा नेम चुकविणे, त्याला झोपविणे, घाबरविणे, त्याची पावले जड करणे ही त्याची कामे. साहित्याच्या अभ्यासकाने या खेळाकडे पाहावे याचे कारण असे की, पात्राची संकल्पना आधी आणि कथानक नंतर, असा येथील क्रम आहे. पात्ररचनेतील दोष त्यामुळे लगेच उघडा पडतो. कादंबरीत तो शैलीखाली झाकता येतो.

प्रथम थोडे गणित. पाचव्या आवृत्तीत प्रतिपक्ष अडचणीत आला की त्याने फासा दोनदा टाकावा आणि लहान आकडा धरावा, असा नियम आहे. ज्याचा प्रहार शेकडा ५० वेळा लागतो त्याचा या नियमाने २५ वेळाच लागेल. मात्र ज्याचा नेम शेकडा ९० वेळा लागतो तो ८१ वरच येतो. म्हणजे सामान्य योद्धा ज्या उपायाने निम्मा होतो, त्याच उपायाने महारथी जेमतेम ओरखडला जातो. शिवाय असे दोन अडथळे एकाच जातीचे असतील तर त्यांची बेरीज होत नाही. फासा दोनदाच टाकावयाचा. परंतु दुसऱ्या जातीचा उपाय, उदाहरणार्थ ‘बेन’ नावाचा मंत्र, प्रहाराच्या आकड्यातून चार बाजूंच्या फाशावर पडेल ती संख्या वजा करतो. दोन्ही एकत्र आले की ९० चे सुमारे ६० होतात. नवशिका खेळाडू एकच शस्त्र वारंवार वापरतो. अनुभवी खेळाडू प्रतिपक्षाच्या सामर्थ्याचे घटक ओळखून प्रत्येकाला वेगळा उपाय योजतो.

कर्णाची कथा या दृष्टीने वाचली तर तिची रचना विलक्षण स्पष्ट होते. इंद्राने कवचकुंडले नेली, हा देहाचा क्षय. त्यांच्या बदल्यात मिळालेली अमोघ शक्ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्च झाली, हा साधनाचा क्षय. परशुरामाच्या शापाने ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही, हा स्मृतीचा; ब्राह्मणाच्या शापाने भूमी चाक गिळील, हा गतीचा. उरला मनाचा क्षय, आणि तो शल्याकडे आला. पाचही क्षय भिन्न जातीचे आहेत; म्हणून त्यांची बेरीज होते. यांपैकी घटोत्कचाचा प्रसंग नियंत्रक पात्र रचणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावा. या खेळातील बलाढ्य राक्षसांना फसलेला बचाव यशस्वी ठरविण्याचा अधिकार दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, दिलेला असतो. तो अधिकार भलत्याच ठिकाणी खर्च करावयास लावणे हेही नियंत्रकाचे कौशल्य आहे. त्या रात्री पांडव शोकात असता श्रीकृष्ण आनंदित का झाला, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

शल्याची तुलना पाचव्या आवृत्तीतील ‘व्हिशस मॉकरी’ या छोट्या मंत्राशी करण्याचा मोह होतो. भाट शत्रूला टोचून बोलतो. शत्रूच्या मनाला किंचित इजा होते आणि त्याचा पुढचा प्रहार अडखळतो. २०१४ च्या नियमानुसार शत्रूला ते बोलणे ऐकू आले म्हणजे पुरे, समजण्याची आवश्यकता नाही. मला हा नियम वाङ्मयीन दृष्ट्या दुबळा वाटतो. शल्य कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगतो. वैश्यपुत्रांच्या उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसाशी उड्डाणाची पैज लावतो आणि समुद्रावर थकून पडतो. ही गोष्ट ‘उष्टे’ या शब्दाचा अर्थ कळणाऱ्यालाच लागते. त्यातही ज्याचे राज्य दुर्योधनाने दिलेले आहे त्यालाच सर्वाधिक. तेजोवध करणाऱ्याला प्रतिपक्षाचे चरित्र ठाऊक असावे लागते. सोलापुरात हीच भारतकथा श्रीधराच्या ओवीत, कुमारव्यासाच्या षट्पदीत आणि तिक्कनाच्या तेलुगू पद्यांत ऐकून वाढलेली घरे एकाच पेठेत सापडतील; येथील टेबलावर शत्रूला लागणारे शब्द कोणत्या भाषेत उच्चारावयाचे, हा प्रश्न नियमपुस्तकाला वाटतो तितका गौण नाही.

या बोलण्याचा परिणामही पाहण्यासारखा आहे. कर्ण प्रथम मद्रदेशीयांची यथेच्छ निंदा करतो. पण पुढे तो स्वतःच आपल्या दोन्ही शापांची हकीकत शल्याला सांगतो. ज्याला खिजविले तोच आपली मर्मस्थाने उघडी करतो. शेवटी दुर्योधनाला मध्ये पडून दोघांना आवरावे लागते. उपायाला असा उतारा असणे आवश्यकच आहे. उतारा नसलेला उपाय प्रतिपक्षाला पात्र राहू देत नाही, त्याचा दगड करतो. विराटपर्वातील संमोहनाचा प्रसंग याच कारणाने उत्कृष्ट वठला आहे. अर्जुनाच्या अस्त्राने कौरववीर मूर्च्छित होतात, उत्तर त्यांची वस्त्रे गोळा करतो. पण भीष्मांना या अस्त्राचे निवारण ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यापासून दूर राहा, असे अर्जुन त्याला आधीच बजावतो. एक मनुष्य शुद्धीवर आहे एवढ्यानेच त्या गोधनाच्या रणात ताण टिकून राहतो.

आता पात्राची प्रत्यक्ष घडण. अशा पात्राला प्रथम प्रवेश हवा : ते प्रतिपक्षाच्या जवळ कसे पोहोचते? शल्य सारथ्य स्वीकारताना अट घालतो की, मी कर्णाला वाटेल ते बोलेन. ही अट म्हणजेच त्याचा परवाना. दुसरे, त्याला किंमत मोजावी लागली पाहिजे. ‘बेन’सारखा मंत्र चालू ठेवण्यास एकाग्रता लागते, मंत्र टाकणाऱ्याला इजा झाली की तो तुटू शकतो, आणि एका वेळी एकाच मंत्रावर एकाग्र होता येते. शल्य तर शत्रूच्याच रथात बसला आहे. कर्णावर येणारे बाण त्याच्या दिशेनेही येतात. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. हे पात्र आपल्या उघड कामात प्रामाणिक असले पाहिजे. शल्य घोडे वाईट हाकीत नाही. कर्ण सर्पमुखी बाण अर्जुनाच्या कंठावर रोखतो, तेव्हा हा बाण कंठाला लागणार नाही, नीट पाहून पुन्हा संधान कर, असे शल्यच त्याला सांगतो. सल्ला अचूक आहे. एकदा जोडलेला बाण कर्ण पुन्हा जोडीत नाही, या अभिमानाने तो नाकारला जातो. दिवसभर अपमान करणाऱ्याच्या तोंडून आलेल्या खऱ्या शब्दाला किती वजन उरले असेल, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतोच. तेजोवधाचा याहून खोल परिणाम मला दुसरीकडे आढळलेला नाही.

त्याच क्षणी समोरच्या रथावर दुसरा सारथी काय करतो? श्रीकृष्ण रथ जमिनीत दाबतो आणि बाण कंठाऐवजी किरीट घेऊन जातो. हा नियंत्रकाचा दुसरा प्रकार. तो शत्रूला हातही लावीत नाही, रणभूमी बदलतो. दोघांनीही त्या द्वंद्वात बाण सोडलेला नाही. तरीही ते द्वंद्व जितके धनुर्धरांचे तितकेच सारथ्यांचे आहे. खेळात पात्र निवडताना या दोहोंपैकी एक निवडावा, असे मी सुचवीन. भूमी आणि मन दोन्ही ताब्यात घेणारे पात्र इतर खेळाडूंना करण्यासारखे काही ठेवीत नाही. हीच चूक सूत्रधाराकडून खेळाडूंच्या बाबतीतही होते : ज्याचे पात्र तासभर मूर्च्छित आहे, तो खेळाडू तासभर निव्वळ श्रोता बनतो. श्रोता होणे कमीपणाचे नाही. सांगोले तालुक्यातील नाझरे येथील श्रीधराने १७१२ साली ‘पांडवप्रताप’ रचला, तेव्हा त्याचे चौसष्ट अध्याय शेवट ठाऊक असलेल्या श्रोत्यांसाठीच होते. पण टेबलाशी बसलेल्याने श्रोता होण्याचे कबूल केलेले नसते. म्हणून प्रतिपक्षाची कृती हिरावून घेण्यापेक्षा ती महाग करणारे उपाय श्रेयस्कर : चालता येईल पण निम्म्या वेगाने, प्रहार करता येईल पण दोन फाशांतील लहानावर. कर्णाला शेवटपर्यंत काही ना काही करता येते. त्याचे चाक रुतल्यावरही तो खाली उतरून ते उचलू पाहतो.

श्रेयाचा प्रश्न राहतो. नियंत्रकाच्या नावावर शत्रू पडत नाही, त्यामुळे खेळ संपल्यावर त्याची आठवण निघत नाही, अशी तक्रार हे पात्र घेणारे खेळाडू करतात. ती खरी आहे, आणि साहित्यातही तेच घडलेले आहे. सतराव्या दिवशी कर्ण पडतो तो अर्जुनाच्या बाणाने. अठराव्या दिवशी शल्य कौरवांचा सेनापती होतो आणि ज्याने त्याच्याकडे तेजोवधाचे वचन मागितले होते, त्या युधिष्ठिराच्याच हातून मरतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. कर्णाच्या अखेरच्या दिवशी त्याच्या सर्वांत जवळ, हातभर अंतरावर बसलेल्या मनुष्याला तेथे निवेदन नाही. खेळाच्या टेबलावर मात्र शल्याची भूमिका घेणाऱ्याला प्रत्येक फेरीत विचारले जाईल : आता तू काय बोलतोस?