आवाजाची मर्यादा

प्रखर प्रकाश पडला, की डोळ्यांच्या पापण्या आपोआप मिटतात. कानांना मात्र निसर्गाने अशी पापणी दिलेली नाही. रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या या दाराचे रक्षण माणसाने स्वतःच्या विवेकाने करावयाचे असते.

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळल्या, की तो कंप पावतो. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे तो कंप आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. तेथे गोगलगाईच्या शंखाप्रमाणे वेटोळे घेतलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५,००० केशपेशी असतात. द्रव हलताच या पेशींवरील सूक्ष्म केस डोलतात आणि ध्वनीची वर्दी मेंदूला मिळते. मंद वाऱ्याने वाकलेली भाताची रोपे पुन्हा उभी राहतात. वादळात मात्र ती कायमची आडवी होतात. केशपेशींचेही तसेच आहे. शेत पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते. परंतु माणसाच्या कानातील नष्ट झालेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. ती केवळ ३ डेसिबलने वाढली, तरी ध्वनीची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. म्हणून ऐकण्याचा काळ निम्म्यावर आणावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकता येतो. ९० डेसिबलला ही मुदत अवघी ४ तास उरते. मुलांचे कान अधिक जपावे लागतात. त्यांच्यासाठी ४० तासांची ही मर्यादा ७५ डेसिबलचीच आहे.

बिनतारी इअरबडचा ध्वनी इतरत्र न पसरता थेट कानात शिरतो. धावत्या बसमध्ये एंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी ऐकणारा आवाज वाढवतो. थोड्याच वेळात कान त्याला सरावतो व तो मोठा वाटेनासा होतो. परंतु सवय झाली म्हणजे इजा टळली, असे नव्हे. म्हणून आवाजाची मर्यादा शांत जागी ठरवावी आणि फोनमध्ये ती कायम करून ठेवावी. सामान्यतः आवाज पूर्ण पातळीच्या ६० टक्क्यांहून कमी असावा. मधूनमधून इअरबड काढून कानांना विसावा द्यावा. कानात गुणगुण होऊ लागली किंवा समोरच्याचे बोलणे अस्पष्ट वाटू लागले, तर ते वडीलधाऱ्यांना त्वरित सांगावे.

गाणे थोडे हळू ऐकल्याने त्याची गोडी कमी होत नाही. उलट, पानांची सळसळ, पावसाची रिमझिम आणि माणसांची प्रेमळ हाक म्हातारपणीही ऐकू यावी, यासाठी बालपणापासून पाळलेली ही मर्यादा उपयोगी पडते.