मदत मित्राची, किल्ली घरच्यांकडे

घरी नवा कॉम्प्युटर आला की जाणकार मित्राला बोलावणे जाते. तारा जोडून, चहा घेऊन तो निघून जातो. पुढे मशीन अडले की घरचे हतबल! म्हणून मदत अशी करावी, की पुन्हा पुन्हा बोलावण्याची वेळच येऊ नये.

जयपूरमध्ये पहिली काळजी धुळीची. मे-जूनमध्ये तिथे ‘आंधी’ म्हणजे धुळीचे वादळ सुटते, पाठोपाठ वीजही जाते. कॉम्प्युटर खिडकीपासून दूर मांडा, डेस्कटॉप यूपीएसवर चालवा आणि प्लग काढूनच आतली धूळ साफ करा.

न दिसणारा शत्रू म्हणजे व्हायरस. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘चेर्नोबिल’ व्हायरसने तुर्कस्तान, दक्षिण कोरियासह अनेक देशांतल्या कॉम्प्युटरांमधली माहिती पुसून टाकली. मशीन नवे घेता येते. लग्नाचे फोटो नाही. तेव्हा फोटोंची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. विंडोज ११ मध्ये अँटिव्हायरस असतोच. तो आणि अपडेट चालू ठेवा. मुलांचे खाते वेगळे करा.

पासवर्ड घरच्यांनीच ठरवावा, तेवढा वेळ मित्राने पाठ फिरवावी. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत कुणी एखादे अ‍ॅप टाकायला सांगितले, तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

निघण्यापूर्वी एक साधासा फोटो पुसा आणि तो प्रतीतून परत आणायला वहिनींना सांगा. त्यांना जमले, की मदत पूर्ण झाली.