मोठे आतडे काढल्यानंतरचा दाह : घाबरू नका, अंगावर काढू नका

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. औषधांनी तो आटोक्यात न आल्यास मोठे आतडे व गुदाशय काढून टाकावे लागतात. रोगाचे मूळच गेले, असे रुग्णाला वाटते. मात्र काही महिन्यांनी वा वर्षांनी शौचाच्या फेऱ्या पुन्हा वाढल्या, की शस्त्रक्रिया फसली या शंकेने सारे घर हवालदिल होते. बहुतेक वेळा ती फसलेली नसते. या त्रासाचे नाव आहे पाऊचायटिस.

या शस्त्रक्रियेत लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा कप्पा, म्हणजेच ‘पाऊच’, तयार करून तो गुदद्वाराशी जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही पद्धत मांडली. त्यामुळे पोटावर कायमची पिशवी बाळगण्याची वेळ टळते. मात्र अन्नरस पुढे ढकलणाऱ्या लहान आतड्यात आता मळ साठू लागतो. तेथील जिवाणूंचा समतोल बदलतो आणि दाह उद्भवतो. आनुवंशिक पॉलिप्समुळे हीच शस्त्रक्रिया झालेल्यांत हा दाह क्वचितच आढळतो. त्यामुळे कोलायटिसच्या रुग्णांतील प्रतिकारशक्तीचा दोषही यामागे असावा, असे तज्ज्ञ मानतात. जवळपास निम्म्या रुग्णांना हा त्रास कधी ना कधी होतो.

पाऊच असलेल्या व्यक्तीला दिवसाला चार ते आठ वेळा शौचास जावे लागणे स्वाभाविक आहे. नेहमीपेक्षा फेऱ्या वाढणे, घाई होणे, पोटात कळा, ताप वा रक्त ही धोक्याची चिन्हे होत. मात्र केवळ लक्षणांवरून निदान पक्के होत नाही. जंतुसंसर्ग, जोडाचे आकुंचन किंवा उरलेल्या गुदाशयाच्या पट्टीचा दाह यांतही असाच त्रास होतो. म्हणून शौचाची तपासणी, दुर्बिणीने पाऊचची पाहणी व अस्तराचा तुकडा तपासणे महत्त्वाचे ठरते.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकांच्या सुमारे दोन आठवड्यांच्या उपचाराने बहुतेकांना आराम पडतो. दाह वारंवार उलटल्यास किंवा या औषधांना दाद देत नसल्यास ब्युडेसोनाइड वा जैविक औषधांचा विचार केला जातो. त्यांपैकी व्हेडोलिझुमॅबला युरोपात २०२२ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली.

जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेणे मात्र घातक ठरू शकते. अशाने जिवाणू औषधांना जुमानेनासे होतात आणि खरे कारण झाकले जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. फेऱ्या वाढल्यावर मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घेत राहावे. तीव्र ताप, रक्तस्राव वा लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळीच उपचार घेतल्यास बहुतेकांचा पाऊच वर्षानुवर्षे उत्तम साथ देतो.